जुन्या पिकअपचे पुढचे सस्पेन्शन नव्याने बांधताना

अनेक वर्षे ओझे वाहिलेली पिकअप सरळ रस्त्यावर भरकटू लागली, खड्ड्यात पुढून खडखड येऊ लागली आणि टायर एकाच कडेने झिजू लागले, की बहुतेक जण आधी शॉक अब्जॉर्बर बदलतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. शॉक अब्जॉर्बर केवळ स्प्रिंगची उसळी आवरतो. चाकाला जागेवर धरून ठेवतात ते कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी, म्हणजे चासीशी, जोडणारे हलते दांडे), त्यांचे बुश (आर्मच्या चासीकडील टोकातली रबरी नळकांडी) आणि बॉल जॉइंट (चाकाकडील टोकाचे गोळ्याचे सांधे). येथे वर आणि खाली एकेक आर्म आणि खालच्या आर्मवर टेकलेली कॉइल स्प्रिंग, ही जुन्या पिकअपमधील नेहमीची रचना गृहीत धरली आहे. या कामात प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट पाहावी लागते: या क्षणी वजन नेमके कशावर आहे?

तपासणीपासूनच हा प्रश्न येतो. जॅक चासीखाली लावला, तर दबलेली स्प्रिंग खालच्या बॉल जॉइंटला दाबून धरते आणि त्याचा प्ले (ढिलेपणा) हाताला लागत नाही. म्हणून जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावून चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकेच उचलावे आणि टायर वर-खाली धरून हलवावा. प्ले जाणवल्यास दुसऱ्या कोणाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आणि तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा समजावा. टायर डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर जो प्ले लागतो, तो बहुधा स्टीअरिंगच्या जोडणीतील टाय रॉड एंडचा किंवा आयडलर आर्मचा असतो.

गंजलेल्या नट-बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. मागच्या चाकांना ठोकळे लावून चासी लोखंडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. दोन्ही बाजू एकदम उघडू नयेत, कारण एक बाजू जागेवर असली की शंका आल्यास तिच्याकडे पाहता येते. वरच्या आर्मच्या बोल्टमागे शिम (चाकाचा कोन जुळवण्यासाठी घातलेल्या पातळ पट्ट्या) असतील, तर कोणत्या बोल्टमागे किती होत्या ते लिहून ठेवावे. ब्रेक कॅलिपर तारेने टांगावा, त्याचे वजन ब्रेकच्या रबरी नळीवर (होजवर) येऊ देऊ नये.

सर्वांत जास्त सावधगिरी हवी ती स्प्रिंग काढताना. गाडी हवेत असली तरी दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला ठार करण्याइतका जोर असतो. शॉक अब्जॉर्बर आणि स्टॅबिलायझर लिंक (वळणावर गाडीचे कलणे आवरणाऱ्या दांड्याची जोडणी) सोडवल्यावर खालच्या आर्मला जॅकचा पक्का आधार द्यावा आणि स्प्रिंगमधून साखळी ओवून ती चासीला सैलसर बांधावी. खालच्या बॉल जॉइंटची कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली पिन) काढून नट काही आटे सैल करावा, पण पूर्ण काढू नये. मग नकलच्या (चाक ज्यावर बसते त्या ओतीव भागाच्या) ज्या भागात जॉइंटची निमुळती दांडी बसलेली असते, त्या भागाच्या कडेवर हातोड्याचे जोरकस घाव घालावेत. कधी दुसऱ्या घावाला, कधी विसाव्या, पण ‘टक्’ असा आवाज येऊन दांडी सुटते आणि अर्धवट राहिलेला नट तिला अडवून धरतो. आता जॅक थोडा वर घेऊन नटावरचा ताण काढावा, नट काढावा आणि जॅक अगदी हळू खाली आणावा. या सगळ्या वेळात स्प्रिंगच्या समोर उभे राहू नये.

मूळचे बॉल जॉइंट रिव्हेटने बसवलेले असतील, तर रिव्हेटची डोकी घासून काढावीत; नव्या जॉइंटसोबत बोल्ट मिळतात. दाबून बसवायचे जॉइंट आणि बुश प्रेसनेच सरळ बसवावेत, कारण हातोड्याने ठोकल्यास बुश वाकडा जातो किंवा आर्मचे कान वाकतात. जोडणी उलट क्रमाने होते. स्प्रिंगचे टोक खालच्या आर्ममधील त्याच्या खोबणीत बसले आहे की नाही, हे बॅटरीच्या उजेडात डोळ्यांनी पाहावे. नट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळल्यावर पिनेचे भोक जुळत नसेल, तर नट थोडा पुढे आवळावा. भोक जुळवण्यासाठी मागे कधीच फिरवू नये.

आर्मच्या बुशचे बोल्ट मात्र गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. ही चूक मी स्वतः केली होती आणि नवे बुश काही महिन्यांतच फाटले. रबरी बुश सरकून फिरत नाही, तर आतली आणि बाहेरची नळी धरून पीळ घेतो. आर्म लोंबकळत असताना तो आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यापासून रबर सतत पिळलेलेच राहते. म्हणून चाके बसवून गाडी खाली उतरवावी, टायर बाजूला सरकून सस्पेन्शन नेहमीच्या उंचीवर बसावे यासाठी ती थोडी पुढे-मागे ढकलावी आणि मगच ते बोल्ट मापाला आवळावेत.

निप्पल असलेल्या जॉइंटमध्ये ग्रीस भरावे, पण रबरी टोपी फुगून फाटेल इतके नको. भाग बदलल्यावर चाकांचे कोन बदललेलेच असतात, त्यामुळे शिम जुन्याच मोजणीने बसवल्या असल्या तरी गाडी पहिल्यांदा हळू चालवत थेट अलाइनमेंटला न्यावी. काहीशे किलोमीटर चालल्यावर सगळे नट-बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासावेत.