ब्रेक वाजतोय? आधी आवाज कधी येतो ते पकडा

ब्रेक वाजायला लागला की सगळे आवाज कसला ते सांगत बसतात, चीं चीं, खर्र खर्र, टक टक, पण आवाज कधी येतो ते आधी पकडा, निम्मं काम तिथेच होतं. मोकळ्या रस्त्यावर काच खाली करा, म्युझिक आणि एसी बंद, २०-३० च्या स्पीडला आधी ब्रेक न दाबता ऐका, मग हलका दाबून, मग जरा जोरात. बाजूला लांब भिंत असेल तर आवाज आपटून परत येतो आणि कुठल्या बाजूचा ते कळायला सोपं जातं.

रात्रभर पावसात उभी असलेली किंवा नुकतीच धुतलेली गाडी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखरली तर टेन्शन नको, डिस्कवरचा (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) हलका गंज असतो तो, घासून जातो.

बारीक चीं चीं मात्र रोजच येत असेल तर पॅड (ब्रेक दाबल्यावर डिस्कला आवळून धरणारा भाग) बघा. बऱ्याच पॅडना पत्र्याची छोटी पट्टी मुद्दाम दिलेली असते, पॅड २-३ मिमी उरलं की ती डिस्कला घासून ओरडते. टॉर्च मारून अलॉय चाकाच्या फटीतून बघता येतं, पण तिथून फक्त बाहेरचंच पॅड दिसतं आणि आतलं कित्येकदा आधी संपलेलं असतं, त्यामुळे शंका असेल तर चाक काढूनच बघा प्लीज.

खर्रर्र असा लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज दाबल्यावर आला तर पॅड संपलंय, गाडी अजिबात चालवू नका, टो करून न्या. न दाबताच सतत खरखर असेल तर डिस्क आणि मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो, हळू रिव्हर्स घेतली की कधी कधी पडतो. एकच चाक जास्त तापतंय, जळका वास येतोय, गाडी एका बाजूला ओढतेय, तर बहुतेक कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जाम आहे.

खड्ड्यातून जाताना टकटक आली तर पॅडच्या क्लिपा किंवा कॅलिपरच्या पिना ढिल्या असू शकतात. आणि स्पीडबरोबर वाढणारी, वळणावर बदलणारी घूं घूं सहसा ब्रेकची नसते, ती बहुतेक चाकाच्या बेअरिंगची.

जोरात ब्रेक मारल्यावर पेडल थरथरून गरगर आवाज आला तर एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) काम करतंय, पाय काढू नका.

आवाज बंद करायला पॅडवर किंवा डिस्कवर ऑइल, स्प्रे काहीही मारू नका, आवाज जाईल पण ब्रेकही लागणार नाही.