बॅटरीवरची पिकअप घ्यायची, पण बुकिंगचे पाच हजार देण्याआधी

नागपूरच्या महाल भागात आमचं बिछायत केंद्र आहे, म्हणजे लग्नाकार्याला सामान भाड्यानं देतो. खुर्च्या, गाद्या, कनाती, गंज म्हणजे मोठी पातेली, पराती, सगळं एका जुन्या छोटा हत्तीतून जातं. यंदा त्याच्या इंजिनाचं काम निघालं आणि शोरूमवाल्यानं बॅटरीवरच्या नव्या पिकअपचा कागद पुढं सरकवला. ‘ताई, पाच हजार टाका, नंबर लागून जाईल. डिलिव्हरी दिवाळीनंतर.’ मी पैसे न देता घरी आले आणि गाडीची वही उघडली. तुम्हीही आधी तेच करा. वही नसेल तर पंधरा दिवस रोजचे किलोमीटर लिहा.

फक्त सरासरी काढू नका. सरासरीनं आमची गाडी दिवसाला चाळीस किलोमीटर चालते, त्या हिशेबानं कुठलीही बॅटरी पुरते. पण लग्नाच्या तिथी काही सरासरीनं येत नाहीत. मे महिन्यातल्या एका तिथीला कोराडी रोडचं लॉन, बेसा आणि कामठी अशी तीन कामं होती. दुपारी सामान टाकलं, दोन ठिकाणचं त्याच रात्री उचललं. मीटरवर ११८ किलोमीटर. आता उदाहरणाला टाटाची पहिली एस ईव्ही, म्हणजे छोटा हत्तीचीच बॅटरीवरची गाडी, घ्या: २१.३ युनिटची बॅटरी, कागदावर १५४ किलोमीटर. तो आकडा चाचणीतला. माल आणि थांबत-थांबत चालणं धरून मी त्याचे दोन-तृतीयांश पकडते, म्हणजे शंभरच्या आसपास. ११८ त्यात बसत नाहीत. मधल्या वेळात कुठं चार्जिंग लावणार ते ठिकाण आजच जाऊन बघून या. नकाशावर दिसणारा प्रत्येक चार्जर चालू असतोच असं नाही.

वजनाचंही तसंच. त्या पहिल्या गाडीची क्षमता ६०० किलो होती, पुढं हजार किलोचीही आली. आमचे लोखंडी पाइप, गंज आणि वर बसलेली चार पोरं यांचं वजन मी एकदा धर्मकाट्यावर करून आणलं आणि गप्प बसले. तुमचा माल काट्यावर नेल्याशिवाय मॉडेल ठरवू नका.

मग चार्जिंग. आमची गाडी रात्री गल्लीत उभी असते, मीटर आत वाड्यात. गल्लीतून वायर टाकली तर पहिली सायकल त्यात अडकेल. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीन युनिटच्या आसपास जातात, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला सात-आठ तास. महावितरणच्या बिलावर मंजूर भार बघा. एक किलोवॅट असेल तर आधी तो वाढवा. रात्री दोनला परतलेली गाडी सकाळी आठला निघायची असेल, तर हे गणित आणखी आवळतं.

उन्हाळ्याचा प्रश्न नागपूरकराला वेगळा सांगायला नको. विचारायचं इतकंच की बॅटरी थंड करायला आत द्रव फिरतो की नुसती हवा. आणि तापून आलेल्या गाडीला लगेच फास्ट चार्जर लावला तर वेग किती पडतो.

पैशाचं माझं गणित असं. डिझेलचा खर्च किलोमीटरला पावणेसहा रुपये पडतो. विजेचा, युनिटला दहा रुपये आणि चार्जिंगमधली गळती धरून, अडीचच्या आत. वर्षाला बारा हजार किलोमीटर धरले तर चाळीस हजार वाचतात. गाडी दोन लाखांनी महाग असेल तर पाच वर्षं गेली. शोरूमचा तुलनेचा तक्ता जुना असेल तर फेकून द्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून डिझेलच्या मालवाहू गाडीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, बॅटरीच्या गाडीचा आधीपासून ५ टक्केच आहे. म्हणजे करातला बॅटरीच्या गाडीचा फायदा तेवढा कमी झाला. सबसिडी हिशेबात धरू नका, मिळाली तर गाद्यांच्या खोळी बदला.

कारण अमेरिकेत काय झालं बघा. स्लेट नावाच्या कंपनीनं एप्रिल २०२५ मध्ये बॅटरीवरच्या पिकअपचं ५० डॉलरवर बुकिंग घेतलं, भाव सांगितला वीस हजार डॉलरच्या आत. पण तो ७,५०० डॉलरची सरकारी सवलत धरून होता, आणि ती सवलत त्याच सप्टेंबरअखेर बंद झाली. टेस्लाच्या सायबरट्रकची, तीही बॅटरीवरची पिकअपच, गोष्ट त्याआधीची: नोव्हेंबर २०१९ मध्ये १०० डॉलर भरणाऱ्यांना ३९,९०० पासून सुरू होणारा भाव दाखवला होता. गाड्या चार वर्षांनी निघाल्या, तेव्हा सगळ्यात स्वस्त गाडीचा भाव होता ६०,९९०. बुकिंगनं नंबर लागतो, भाव लागत नाही.

म्हणून पावतीवर तीन गोष्टी लिहून घ्या: पैसे परत मिळतील का, किती दिवसांत, आणि भाव बुकिंगच्या दिवसाचा की डिलिव्हरीच्या. तोंडी ‘हो ताई’ चालत नाही. मागं एका गाडीच्या बुकिंगचे माझे पैसे परत यायला चार महिने लागले होते, तेव्हा पावतीवर फक्त आकडा आणि सही होती.

शेवटी डेमो. आमचा ड्रायव्हर म्हणाला, ‘ताई, कागद काहून पाहून राहिल्या? भरून पाहा ना गाडी.’ पटलं. शोरूमवाले रिकामी गाडी सकाळी अकराला फिरवून आणतो म्हणत होते. मी पाइप भरून, सेमिनरी हिल्सच्या चढावर, दुपारी दोनची वेळ मागितली आहे. त्यांचा फोन अजून यायचा आहे.