दोन वर्षांचं मूल घेऊन नेदरलँड्सला येण्याआधी

माझी धाकटी नणंद जानेवारीत नवरा आणि दोन वर्षांच्या लेकीसोबत आइंडहोव्हनला राहायला येतेय. "वहिनी, काय काय तयारी करायची ते एकदा नीट लिहून पाठव" म्हणाली, म्हणून लिहायला बसले. तिच्यासारखे अजूनही कुणी येत असतील, तर त्यांनाही उपयोग होईल. खरं सांगायची गोष्ट एकच आहे, आणि नेमकी तीच आम्ही आलो तेव्हा आमच्या यादीत नव्हती. आधीच सांगून टाकते: घर ठरलं आणि पोस्टकोड हातात आला की त्याच दिवशी हाउसआर्ट्स शोधायला लागा. हाउसआर्ट्स म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर. बाकी सगळं मागेपुढे झालं तरी निभावतं.

आमचं काय झालं ते सांगते. पुण्यात मूल आजारी पडलं की आपण थेट लहान मुलांच्या डॉक्टरांकडे जातो. आमच्या डॉक्टरांना रात्री अकराला मेसेज केला तरी उत्तर यायचं. त्यामुळे आधी एखाद्या दवाखान्यात नाव नोंदवून ठेवायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही. इथे बालरोगतज्ज्ञ रुग्णालयात असतात, आणि हाउसआर्ट्सची चिठ्ठी असल्याशिवाय त्यांच्याकडे जाता येत नाही. सगळं हाउसआर्ट्सकडून सुरू होतं. आम्ही म्हणत राहिलो, बीएसएन (इथला सरकारी ओळख क्रमांक) आला की बघू, मग विमा झाला की बघू. तिसऱ्या आठवड्यात शनिवारी रात्री मुलाचा ताप चढला, कान धरून तो किंचाळत होता. संध्याकाळी पाच ते सकाळी आठ आणि शनिवार-रविवारी दवाखाने बंद असतात, तेव्हा हाउसआर्ट्सनपोस्टला, म्हणजे त्या वेळेतल्या तातडीच्या दवाखान्याला, फोन करायचा असतो, एवढं एका सहकाऱ्याकडून कळलं. फोन उचलणाऱ्या बाईंनी पहिल्या काही प्रश्नांत विचारलं, तुमचे हाउसआर्ट्स कोण? आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी आम्हाला परत पाठवलं नाही. तपासलं, कानात संसर्ग आहे म्हणाले, पॅरासिटामॉल द्या, तीन दिवसांत उतार पडला नाही तर तुमच्या हाउसआर्ट्सना फोन करा. पैसे आम्ही भरले, पुढे विमा मागच्या तारखेपासून लागू झाल्यावर ते मिळालेही. पण ते शेवटचं वाक्य घेऊन आम्ही घरी आलो आणि सोमवारी सकाळी आठपासून फोन करत बसलो. पहिल्या दवाखान्यात नवीन रुग्ण घेणं बंद. त्याला इथे पात्सिएन्टेनस्टॉप म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा. दुसऱ्या ठिकाणी आमचा पोस्टकोड त्यांच्या हद्दीत बसेना. तिसरीकडे बंद, चौथीकडे बंद. मंगळवारी मुलाच्या उशीवर पिवळा डाग दिसला, कान वाहायला लागला होता. शेवटी शेजारच्या आजी त्यांच्या स्वतःच्या दवाखान्यात चालत गेल्या, काउंटरवर उभ्या राहून बोलल्या, तेव्हा बुधवारी दुपारची वेळ मिळाली. मूल बरं झालं. पण ते तीन दिवस मी विसरलेले नाही, म्हणून हे एवढं लांबण लावून सांगतेय.

आता कागदपत्रं. पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं यांबद्दल मी काही लिहीत नाही, ते सगळे करतातच. मुलाचा जन्मदाखला मात्र काढून आज बघा. आपल्याकडे बाळाचं नाव ठरायच्या आधी जन्माची नोंद होते, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं. नाव असेल तर स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते पाहा, आईवडिलांचीसुद्धा. नसेल तर महापालिकेत दुरुस्ती आधी, मग पुढचं. जन्मदाखला आणि लग्नाचा दाखला, दोन्हींना अपॉस्टिल लागतं: आधी राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. दाखला इंग्रजीत असेल तर डच भाषांतराची गरज नाही. मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

लसीकरणाचं पुस्तक. मूळ घ्या, फोटो काढून ठेवा, आणि डॉक्टरांकडून लसींची नावं व तारखा एका कागदावर टाइप करून सही-शिक्क्यासह आणा. आपल्या पुस्तकात हाताने लिहिलेलं आणि ब्रँडच्या नावांचे स्टिकर चिकटवलेले असतात, इथल्या नर्सला ते उलगडत नाही. इथलं वेळापत्रक वेगळं आहे. गोवराची लस आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात देतात, इथे गोवर-गालगुंड-रुबेलाची पहिली लस चौदाव्या महिन्यात. बीसीजी इथे सरसकट सगळ्यांना देत नाहीत, त्यामुळे दंडावरची खूण कसली हेही विचारतील. कुठली लस झाली हे कागदावर सिद्ध झालं नाही तर ती पुन्हा टोचायची वेळ येऊ शकते. हे काम कॉन्सुल्टातीबुरोमध्ये होतं. चार वर्षांखालच्या मुलांची वाढ, वजन, बोलणं, लसी तिथे बघतात आणि ते मोफत असतं. खेमेंते म्हणजे नगरपालिकेत नोंद झाली की त्यांचं पत्र घरी येतं. कॉन्सुल्टातीबुरोची नर्स म्हणजे हाउसआर्ट्स नव्हे. आम्हाला तसं वाटलं होतं, आणि पत्र येईल म्हणून आम्ही स्वस्थ बसलो होतो. आजारी मुलाला तिथे बघत नाहीत. हाउसआर्ट्ससाठी कुठूनही पत्र येत नाही, ते तुम्हालाच शोधावं लागतं.

औषधांची पिशवी छोटी ठेवा. पॅरासिटामॉल इथे क्रुइडफाट नावाच्या कुठल्याही दुकानात मिळतं, मुलांसाठी गुदद्वारातून द्यायच्या झेटपिलही. त्यावर डोस वजनाप्रमाणे लिहिलेला असतो, म्हणून मुलाचं वजन किलोत पाठ हवं. थर्मामीटर सेल्सिअसचा घ्या. आमचा फॅरनहाइटचा होता, आणि त्या रात्री फोनवर 103.6 म्हटल्यावर पलीकडे शांतता पसरली. ते 39.8 होतं, पण रडणारं मूल कडेवर घेऊन गणित सुचत नाही. फोनवर आणखी विचारतात: पितंय का, डायपर किती ओले झाले, हाक मारल्यावर बघतंय का. दिवसभर त्याच्या नोंदी कागदावर ठेवत जा. अँटिबायोटिक सहज देत नाहीत, त्यावरून वाद घालू नका. बऱ्याचदा थांबा आणि बघा हाच उपचार असतो, आणि म्हणूनच तीन दिवसांनी पुन्हा फोन करायला तुमचा स्वतःचा डॉक्टर असायला हवा. मूल निपचित पडलं, श्वास घेता येईना, तर मात्र थेट 112, हा इथला आणीबाणीचा नंबर.

चार वर्षांपर्यंत मुलांना रोज 10 मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी द्यायला सांगतात. थेंब इथेच घ्या.

खाण्याचं सामान आणताना एक गोष्ट कटाक्षाने: तूप, पेढे, खवा, पनीर आणू नका. युरोपबाहेरून दुधाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, आंबे आणि ताजा कढीपत्ताही चालत नाही. इथलं बिनमिठाचं रोमबोटर लोणी कढवलं की उत्तम तूप होतं, त्यामुळे जीव तुटायला नको. नाचणीचं सत्त्व, मेतकूट, भाजणी आणा, मुलाला ओळखीची चव पहिला महिना फार लागते. तूरडाळ, तांदूळ, हिंग इथल्या भारतीय आणि सुरिनामी दुकानांत मिळतं.

किंडरओपफांग, म्हणजे पाळणाघर. आई नोकरी करणार असेल तर भारतात असतानाच तीन-चार ठिकाणी नाव नोंदवा, प्रतीक्षा यादी महिनोन् महिने चालते. सरकारी मदत मिळायला आईवडील दोघंही नोकरी किंवा शिक्षणात असावे लागतात, आणि मूल जायला लागलं की तीन महिन्यांच्या आत अर्ज करा, नाहीतर सुरुवातीच्या महिन्यांचे पैसे बुडतात. एकटेच कमावत असाल तर दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पेउटरओपफांगची चौकशी करा, तिथे बऱ्याच खेमेंते फीमध्ये वाटा उचलतात. दुपारचं जेवण बहुतेक ठिकाणी ब्रेड, चीज, पीनट बटर असंच असतं. वरणभाताची सवय असलेलं मूल पहिले काही दिवस उपाशी घरी येतं, तर संध्याकाळचं जेवण साडेपाचलाच तयार ठेवा. घरात मात्र मराठीच बोला. "आता डच शिकायचंय, मराठी बंद करू का?" असं मी विचारलं तेव्हा कॉन्सुल्टातीबुरोच्या नर्सनेच ठामपणे नको म्हटलं. मूल डच बाहेर शिकतंच. शिवाय आजीशी फोनवर बोलायला भाषा हवी की नको?

घर बघताना करारातला शब्द वाचा. 'काल' (डच शब्द, म्हणजे उघडंबोडकं) असेल तर जमीनसुद्धा उघडी असते, फरशी नाही, पडदे नाहीत, दिवे नाहीत. खेस्तोफेर्ट म्हणजे जमीन आणि पडदे आहेत, खेमेउबिलेर्ट म्हणजे फर्निचरसकट. लहान मूल घेऊन अशा उघड्याबोडक्या घरात उतरू नका. जिने शिडीसारखे उभे असतात, वरखाली दोन्हीकडे फाटक लावा, पहिल्याच दिवशी. गडद पडदेही हवेत, कारण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि मूल झोपत नाही. आणि घराजवळ कालवा असेल तर मुलाचा हात सोडायचा नाही. इथल्या पाण्याला बऱ्याच ठिकाणी कठडे नसतात.

कपडे तिकडून भरून आणू नका. थर्मल दोन जोड, बाकी पावसाचा पूर्ण सूट, रबरी बूट, लोकरी टोपी इथेच, हेमा नावाच्या दुकानात किंवा सेकंडहँड वस्तूंच्या क्रिंगलोपमध्ये. मूल रोज बाहेर खेळणार, पाऊस असला तरी. सायकल इथे घ्या, सीट मात्र पाठ, हात आणि पाय नीट टेकतील अशी हवी, तो नियमच आहे. हेल्मेटची सक्ती नाही, आम्ही घालतो.

आल्यावरचा क्रम: पाच दिवसांत खेमेंतेत नोंद, सगळ्यांनी हजर राहायचं, मुलानेही. त्याची वेळ भारतातूनच घेऊन ठेवा. बीएसएन मिळतो. मग बँक. मग डिजीडी, म्हणजे सरकारी वेबसाइटवरचं लॉगिन, त्याचा कोड पोस्टाने येतो. चार महिन्यांच्या आत आरोग्यविमा सक्तीचा आहे, पण चार महिने थांबू नका, पहिल्याच आठवड्यात काढा. मुलाचा हप्ता शून्य, तरी त्याचं नाव पॉलिसीत घालावं लागतं, आपोआप येत नाही. मोठ्यांना वर्षाला 385 युरोपर्यंतचा खर्च आधी स्वतः करावा लागतो, मुलांना नाही, आणि हाउसआर्ट्सकडे जाण्यासाठी मोठ्यांनाही नाही. म्हणजे तिथे नाव नोंदवायला पैशांची भीतीही नाही. किंडरबायस्लाख, मुलांसाठीचा भत्ता, दर तीन महिन्यांनी मिळतो, त्याचा अर्ज करा. मूल चार वर्षांचं झालं की शाळा, नाव तिसऱ्या वर्षीच घाला, आणि तोवर डायपर सुटलेलं हवं.

आणि हाउसआर्ट्स. पोस्टकोड मिळाला की नकाशावर घरापासून सायकलने दहा-पंधरा मिनिटांतले दवाखाने शोधा. वेबसाइटवर नवीन रुग्ण घेतात की नाही ते लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर फोन करा. बीएसएन यायचा असला तरी फोन करा, तारीख सांगा, नाव लिहून ठेवता का विचारा. पाच जणांनी नाही म्हटलं तर सहाव्याला करा. विमा झाला असेल तर विमा कंपनीला सांगा, डॉक्टर शोधून द्यायला त्यांच्याकडे माणसं असतात. नोंदणी तिघांचीही करा, फक्त मुलाची नाही. जवळच्या औषधाच्या दुकानातही नोंदणी लागते, तीही त्याच दिवशी. मग त्यांचा नंबर आणि हाउसआर्ट्सनपोस्टचा नंबर फ्रिजवर लावा, दोघांच्या फोनमध्ये घाला.

फोनवर म्हणायचं वाक्य: "नेम्ट यू नॉख नीवे पात्सिएन्टेन आन?" नवीन रुग्ण घेता का? पुढचं सगळं इंग्रजीत चालतं.

नणंदेला कालच घर मिळालं, पोस्टकोड आलाय. सोमवारी सकाळी आठला मीच फोन लावतेय.