तलवारबाजी खेळून झाली, आता कोचिंग करायचंय? आधी टच खायला शिका

नॅशनल खेळून झाल्या, गुडघा कुरकुरायला लागला, आता घोडबंदरला नाहीतर नेरुळला पोरं शिकवायची म्हणताय ना, मग आधी जिंकायची सवय सोडा. मी सुरुवातीला दहा वर्षांच्या पोरांचा एकेक अटॅक पॅरी करायचो, म्हणजे ब्लेडने अडवायचो, भारी वाटायचं राव, आणि त्यातली दोन पोरं गुपचूप स्केटिंगला निघून गेली.

लेसनमध्ये आपण टच खायचा असतो, म्हणजे पोराचं ब्लेड आपल्याला लागू द्यायचं, पण फुकट नाही. समजा इपी शिकवताय, तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी एक. तर तुमचं ब्लेड जरासं बाजूला न्या, मनगट उघडं ठेवा, पोराने आधी हात लांब केला आणि मग पाय टाकला तर लागू द्या, आधी पाय टाकला तर गपचूप एक पाऊल मागे सरका, त्याचं टोक हवेतच राहतं. बोलायचं काही नाही. सात-आठ वेळा हवा खाल्ली की हात आपोआप आधी निघतो. जाड प्लास्ट्रॉन, म्हणजे छातीवरचं पॅड, आणि कोचची बाही घालाच, मी एकदा आळस केला तर रात्री दंड जांभळा झालेला. आणि रोज थोडा वेळ उलट्या हाताने लेसन द्यायची प्रॅक्टिस करा, डावखुऱ्याशी खेळताना सगळे अँगल बदलतात आणि पोरांना त्याची सवय तुम्हीच लावणार.

पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, कोचिंग डिप्लोमा जमला तर करा, कागद लागतोच.

खरी बोंब जागेची. आपल्याकडे मिळून मिळून बॅडमिंटन हॉल मिळतो. पिस्ट, म्हणजे आपली खेळायची पट्टी, १४ मीटर, कोर्ट १३.४, म्हणजे पिस्टची टेप कोर्टच्या लाईनबाहेर जाते, त्यात मागे सरकणारं पोर भिंतीवर आपटू नये म्हणून अजून जागा हवी. मालक "फुल साईज आहे" एवढंच सांगतो, मोजपट्टी घेऊनच जा आणि नेट काढू देणार का ते ॲडव्हान्स द्यायच्या आधी विचारा.

पालक दोनच गोष्टी विचारतात. लागेल का? मास्क हातात द्या, जाळी अंगठ्याने दाबायला सांगा. पुढे काय? आपल्या भारताच्या भवानी देवीचं सांगा, टोकियो ऑलिम्पिकला सेबर या दुसऱ्या प्रकारात पहिली मॅच १५-३ ने काढली. राज्याच्या सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे तेही सांगा, पण त्याला अटी आहेत हे लपवू नका, नंतर तुमच्याच गळ्यात येतं.

राहिला पाऊस. घामाचं जॅकेट आणि ब्लेड एका बॅगेत ठेवली की जुलैत आठवड्याभरात गंज. इपीचं टोक म्हणजे स्प्रिंगचं बटण, ते ७५० ग्रॅमचं वजन उचलतंय का हे मॅचच्या आदल्या रात्री घरीच बघा, गंजलेलं टोक अडकतं आणि यलो कार्ड बिचाऱ्या पोराला मिळतं.