ऑब्सिडियनमध्ये दोन नोट्स शेजारी-शेजारी कशा उघडाव्यात

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स कितीही मन लावून काढल्या, तरी वाचताना त्या एकेकट्याच वाचल्या जातात. पंचायतींच्या 73व्या घटनादुरुस्तीची नोट मिटवायची, नगरपालिकांच्या 74वीची उघडायची, आणि तोवर आधीचे आकडे डोक्यातून गेलेले असतात. अकरावी अनुसूची पंचायतींची की नगरपालिकांची, विषय 29 की 18, असा घोळ मग ऐन पेपरात होतो. दोन्ही नोट्स एकाच पडद्यावर समोरासमोर ठेवल्या तर फरक पाठ करावा लागत नाही, तो दिसतो. ऑब्सिडियन या नोट्स काढायच्या ॲपमध्ये हे फार सोपं आहे. पुढच्या पायऱ्या संगणकावरच्या ॲपसाठी आहेत.

आधी पहिली नोट उघडा. वर तिच्या नावाचा टॅब दिसेल, त्यावर उजवी क्लिक करा आणि यादीतून 'स्प्लिट राइट' निवडा. पडदा दुभागेल, पण दोन्हीकडे तीच नोट दिसेल. इथे बरेच जण गोंधळतात, काही बिघडलेलं नसतं. उजव्या भागात एकदा क्लिक करा, म्हणजे तो भाग चालू होईल, आणि मग डावीकडच्या फायलींच्या यादीतून दुसरी नोट निवडा. ती उजवीकडे उघडेल. नोट्स वर-खाली हव्या असतील तर 'स्प्लिट डाउन' घ्या. रुंद तक्ते असलेल्या नोट्सना तेच बरं पडतं.

माऊसने ओढायची सवय असेल तर याहून झटपट मार्ग आहे. यादीतली नोट धरून उघड्या नोटच्या उजव्या कडेपर्यंत ओढत न्या. तिथला अर्धा भाग वेगळ्या रंगात उठून दिसला की सोडा. आणि नोटमध्ये दुसऱ्या नोटची लिंक दिलेली असेल, तर कंट्रोल आणि ऑल्ट दाबून त्या लिंकवर क्लिक करा, ती थेट शेजारी उघडते. मॅकवर त्याऐवजी कमांड आणि ऑप्शन. मला स्वतःला हा मार्ग सगळ्यात आवडतो, कारण वाचता वाचता हात थांबत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण सोडून देतात, आणि खरी गरज तिचीच असते. जी नोट जागची हलू नये असं वाटतं, तिच्या टॅबवर उजवी क्लिक करून 'पिन' करा. नाहीतर चुकून त्या भागात क्लिक झालं आणि यादीतून तिसरी नोट उघडली, की आधीची तिथून जाते. पिन केल्यावर नवीन नोट वेगळ्या टॅबमध्ये उघडते.

आता दोन्ही बाजू ओळीने लावून बघा. डावीकडे 73वी, उजवीकडे 74वी. लागू झाल्याची तारीख डावीकडे 24 एप्रिल 1993, उजवीकडे 1 जून 1993. डावीकडे भाग नऊ आणि अकरावी अनुसूची, उजवीकडे भाग नऊ-ए आणि बारावी. महिलांसाठी किमान एक-तृतीयांश जागा पंचायतींना कलम 243 डी मध्ये, नगरपालिकांना 243 टी मध्ये. ग्रामसभा डावीकडे 243 ए मध्ये आहे. उजवीकडे त्या जागी थेट जोडी सापडत नाही, तिथे तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांतल्या प्रभाग समित्या दिसतात. अशी रिकामी राहिलेली जागाच प्रश्नकर्त्याला आवडते. ती दिसली की लगेच तिसऱ्या नोटमध्ये तुमच्या शब्दांत तुलना लिहून टाका. नुसतं बघून भागत नाही.

रोज हीच मांडणी लागणार असेल तर ती जपून ठेवता येते. सेटिंग्जमधल्या 'कोअर प्लगिन्स'मध्ये जाऊन 'वर्कस्पेसेस' सुरू करा, मग मांडणीला 'राज्यघटना' असं काहीतरी नाव देऊन साठवा. पुढच्या वेळी ते नाव निवडलं की नोट्स जिथल्या तिथे परत येतात.

लांबलचक नोट असेल तर तीच नोट दोन्हीकडे ठेवण्यातही फायदा आहे: एका बाजूला वरचा भाग, दुसऱ्या बाजूला खालचा. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे आपोआप होतो.

ऑब्सिडियन वापरत नसाल तरी अडत नाही. विंडोजवरच्या वननोटमध्ये 'व्ह्यू'मधून 'न्यू विंडो' घ्या. मॅकच्या नोट्स ॲपमध्ये नोटवर डबल क्लिक केलं की ती वेगळ्या खिडकीत उघडते. गूगल कीप ब्राउझरच्या दोन खिडक्यांत उघडावं लागतं. विंडोजवर एक खिडकी विंडोज बटण आणि डावा बाण दाबून डावीकडे, दुसरी उजव्या बाणाने उजवीकडे बसवा. लॅपटॉप लहान असेल तर ऑब्सिडियनच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मिटवून टाका आणि कंट्रोलसोबत वजाचं बटण दाबून अक्षरं थोडी बारीक करा. चौदा इंची पडद्यावरही दोन नोट्स आरामात वाचता येतात.