विज्ञानाचा गटप्रकल्प फसतो कुठे? या चुका टाळा

ठाण्यातील एखाद्या शाळेत नववीच्या गटाला ‘मासुंदा तलावाचे प्रदूषण’ असा विषय दिला, की बहुधा एखादा हुशार विद्यार्थी घरी बसून सगळा तक्ता तयार करतो आणि बाकीचे चौघे त्यावर आपली नावे तेवढी लिहितात. त्या चौघांना आळशी ठरवण्याआधी विषयाकडे पाहावे. जे काम एकट्याने एका रविवारी उरकते, त्यासाठी पाच जणांनी एकत्र का यावे, हे आपण ठरवलेलेच नसते. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे.

त्याऐवजी ‘तलावाच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दिवसभरात कसा बदलतो?’ असा प्रश्न द्यावा. रात्रभर पाण्यातील सजीव श्वसन करतात, म्हणून पहाटे ऑक्सिजन कमी असतो, तर उन्हात शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे तो वाढतो. दुसरीकडे, पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे ७.५. पहाट, दुपार, संध्याकाळ आणि वेगवेगळे काठ एकट्याला सांभाळता येत नाहीत, आणि तापमानाची नोंद घ्यायची राहून गेली तर ऑक्सिजनच्या आकड्याचा अर्थच लागत नाही. इथे मुलांना एकमेकांची खरोखर गरज पडते. (पाण्याचा नमुना घेताना प्रत्येक वेळी मोठे माणूस सोबत हवेच.)

दुसरी चूक भूमिका कायमच्या वाटून देण्याची. अक्षर चांगले असलेली मुलगी महिनाभर नोंदवहीच लिहीत राहते आणि चाचणी संचाला तिचा हातही लागत नाही. दर आठवड्याला कामे बदलावीत, आणि आधीच्या विद्यार्थ्याने पुढच्याला ते काम स्वतः शिकवावे.

भांडण झाले की शिक्षक लगेच निवाडा करतात, हेही टाळावे. एकाचा आकडा ४ आणि दुसऱ्याचा ९ आला, तर कोण चुकला हे सांगू नये. नमुना किती वाजता घेतला, पाणी किती तापले होते, बाटलीत हवेचा बुडबुडा राहिला होता का, हे त्यांनीच एकमेकांना विचारावे. दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, हे त्या बोलण्यातूनच उलगडते. त्यासाठी एक तासिका गेली तरी ती वाया गेली असे मी मानत नाही.

गुण केवळ तक्त्याला देऊ नयेत. तोंडी परीक्षेत प्रत्येकाला सहकाऱ्याच्या नोंदींवर प्रश्न विचारावा : दुपारची नोंद घेणाऱ्याने पहाटेचा आकडा कमी का, हे सांगावे. हा नियम पहिल्याच दिवशी जाहीर केला, तर मुले एकमेकांच्या वह्या आपणहून उघडू लागतात.