खेळ छापायला देण्याआधी

स्वतः तयार केलेला पत्त्यांचा किंवा पटाचा खेळ छापून विकायचा, तर आधी गिऱ्हाईक कुठलं ते ठरवा, छपाई मागाहून. मागणीनुसार छपाईत ऑर्डर आली की तेवढीच प्रत निघते, घरात गठ्ठे पडून राहत नाहीत. अमेरिकेतल्या द गेम क्राफ्टर या संकेतस्थळावर पत्ते, फासे, डबा असं सगळं एकेका प्रतीतही छापून मिळतं, तर ड्राइव्हथ्रूआरपीजी या दुसऱ्या संकेतस्थळावर नियमपुस्तकं आणि पत्ते. पण तिथून एक डबा आर्वीला मागवून पाहा. टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून खेळच स्वस्त वाटेल. म्हणून ती दुकानं परदेशातल्या खेळाडूंसाठी ठेवा आणि आपल्या वर्धा-अमरावतीकडच्या लोकांसाठी नागपुरातली एखादी डिजिटल प्रेस धरा. वीस-पंचवीस प्रतींचं काम घेणारी प्रेस सापडते, फक्त फोनवर आधी विचारून घ्या. नाहीतर एसटीचा दिवस वाया जातो.

मग खेळाला कात्री लावा. पत्ता ६३ बाय ८८ मिलिमीटरचा असेल, तर १२ बाय १८ इंचाच्या कागदावर चारही बाजूंचं ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची किनार) धरून १८ पत्ते बसतात. ५४ पत्ते म्हणजे बरोबर तीन कागद. पंचावन्नावा पत्ता आला की चौथा कागद लागला. तो पत्ता खेळाला खरंच हवा का, हे एकदा कठोरपणे विचारा. माझ्या मते बहुतेक वेळा नको असतो. लाकडी सोंगट्या, प्लास्टिकचे फासे यांचाही मोह टाळा. अष्टचंगपे कवड्यांवर नाहीतर फोडलेल्या चिंचोक्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललंच आहे, तेव्हा ‘घरचे चिंचोके घ्या’ असं नियमात लिहायला लाजायचं कारण नाही.

फाइलवर मात्र वेळ घालवा. चित्रं ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) आणि नागपूरच्या प्रेससाठी सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगांत. मजकूर कापरेषेपासून किमान ३ मिलिमीटर आत ठेवा. द गेम क्राफ्टरचा पोकर पत्ता इंचाच्या मापात असतो, त्याची फाइल ८२५ बाय ११२५ पिक्सेलची लागते. म्हणून नागपूरची आणि तिकडची फाइल वेगळी ठेवा. खरा घोळ देवनागरीचा होतो. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की जोडाक्षरांचं काय होईल सांगता येत नाही. युनिकोड वापरा, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची एकच पद्धत. मुक्तसारखा खुल्या परवान्याचा फॉन्ट घ्या, तो पीडीएफमध्ये एम्बेड करा (फाइलच्या आतच बसवा), आणि ल, श मराठी वळणाचे आलेत का ते डोळ्यांनी तपासा. बऱ्याच फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळणाचे येतात.

पहिली प्रत हातात आल्याशिवाय विक्री सुरू करू नका. ड्राइव्हथ्रूआरपीजी तर छापील आवृत्तीसाठी नमुनाप्रत मागवायलाच लावतं. नागपूरच्या प्रतीची परीक्षा इथल्या मे महिन्यात घ्या: एकाच बाजूला लॅमिनेशन असलेला पत्ता आमच्या टिनाच्या छपराखाली वाकून पापडासारखा होतो. दोन्ही बाजूंनी करा, मॅट असलं तर आणखी बरं. कोपरे गोल कापून मागा.

कागदपत्रं आता. नियमपुस्तक सुटं विकणार असाल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सीकडून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, फुकट मिळतो आणि छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. तेच पत्त्यांसह डब्यात गेलं की तो खेळ झाला. पत्ते आणि बोर्डगेमवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. ऑनलाइन बाजारात उतरण्याआधी जीएसटी नोंदणीचं सीएला विचारा. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, म्हणून डब्यावर वय छापण्याआधी त्याचाही विचार हवा. नुसतं ‘१४+’ लिहून सुटका होईल असं समजू नका. परदेशातले पैसे पेपालवर यायचे तर पॅन आणि बँकखातं आधीच जोडून ठेवा. भारतात पेपालचा देशांतर्गत व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे गावाकडच्या गिऱ्हाइकासाठी यूपीआयच.

वितरणाला जास्त डोकं लावू नका. गावातलं पोस्ट आणि नागपूरचं एखादं पुस्तकांचं दुकान एवढ्यावर सुरुवात होते. दुकानदाराला प्रती विक्रीनंतर पैसे या बोलीवर द्यायच्या असतील तर कमिशन आणि खराब प्रत कोणाच्या माथी, हे कागदावर लिहून घ्या. प्रत्येक छपाईत एक-दोन संच जास्तीचे छापा, कारण एखाद्याचा एकच पत्ता हरवतो आणि तो फोन करतोच.